बाळ यायच्या आधी: श्वासाच्या आवृत्त्या

१९४६ साल. अमेरिकेत मिनिआपोलिसला पोलिओची मोठी साथ आली होती. जेम्स एलम नावाचा एक तरुण डॉक्टर तिथल्या हॉस्पिटलात वॉर्डाची ओळख करून घेत कॉरिडॉरमधून चालला होता. तेवढ्यात समोरून एक स्ट्रेचर धावत आलं. त्यावर निळं पडलेलं मूल, श्वास बंद. एलमने स्ट्रेचर मध्येच अडवलं, चादरीने मुलाचं तोंड पुसलं, त्याच्या नाकावर स्वतःचे ओठ घट्ट लावले आणि हवा फुंकली. चार श्वासांत मूल पुन्हा गुलाबी दिसायला लागलं.

आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. 'तोंडाने श्वास द्यायचा असतो' हे सिनेमा बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण १९४६ साली प्रथमोपचाराच्या अधिकृत पुस्तकांत ही पद्धत नव्हती. माणसाला पालथं घालायचं, पाठ दाबायची, हात वर-खाली करायचे, अशा पद्धती तेव्हा शिकवल्या जात. मग एलमला हे सुचलं कुठून?

त्यानेच पुढे सांगून ठेवलंय. आदल्या रात्री त्याने वैद्यकाच्या इतिहासातलं काहीतरी वाचलं होतं. त्यात सुइणी नुकत्या जन्मलेल्या बाळांना तोंडाने श्वास देत असत, असा उल्लेख होता. बस्स, एवढंच.

मंडळी, मला ही गोष्ट फार आवडते. सुइणींचं ज्ञान पुस्तकात पडून होतं आणि ते एका डॉक्टरच्या हाती अगदी योग्य वेळेला लागलं. तान्ह्या बाळाच्या प्रथमोपचाराचा इतिहास वाचायला लागलं की असं वारंवार दिसतं. तो 'आधी अडाणी होते, मग शहाणे झाले' असा सरळ रेषेतला इतिहास नाही. माहीत असलेलं टाकून दिलेलं आहे, टाकलेलं परत उचललेलं आहे, आणि मधल्या काळात शिकलेली माणसं आपापली आवृत्ती घेऊन जगत राहिलेली आहेत. सॉफ्टवेअरवाल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. :)

सूप, दगड आणि भाते

आपल्यापासूनच सुरुवात करू. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, जन्मल्यावर बाळ निपचित असेल तर काय करायचं ते दिलंय. कानांपाशी दगडावर दगड आपटून आवाज करायचा, तोंडावर थंड किंवा गरम पाणी शिंपडायचं आणि प्राण परत येईपर्यंत सुपाने वारा घालायचा. थोडक्यात, बाळाला जागं करायचं. आज नवजात बाळासाठी पहिली पायरी सांगतात तीही याच जातीची आहे: कोरडं पुसा, पाठ चोळा, म्हणजे बाळ श्वास घ्यायला उद्युक्त होतं. फक्त पाणी गेलं आणि ऊब आली, कारण ओलं बाळ फार लवकर गार पडतं हे आता माहीत आहे.

युरोपात १४७२ साली पाओलो बाजेलार्दो या इटालियन वैद्याचं बालरोगांवरचं पुस्तक पादुआला छापलं गेलं. छपाई नुकती सुरू झाली होती, त्यामुळे हे या विषयावरच्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांपैकी एक. त्यातही सुईणीला सांगितलंय की बाळ ऊबदार असेल, काळं पडलेलं नसेल, पण श्वास घेत नसेल, तर त्याच्या तोंडात फुंका. म्हणजे साडेपाचशे वर्षांपूर्वी ही गोष्ट छापून मोकळी झाली होती.

पुढे १८व्या शतकात मोठ्या माणसांची पाळी आली. १७४० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बुडालेल्यांना तोंडाने श्वास देण्याची शिफारस केली. कालव्यांच्या शहरात, अ‍ॅमस्टरडॅमला, १७६७ मध्ये बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी खास संस्था निघाली आणि १७७४ मध्ये लंडनलाही निघाली. (त्यांच्या उपायांत गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणं हाही एक उपाय होता. सगळंच जुनं सोनं नसतं.)

मग एक गंमत झाली. १७७० च्या दशकात शेले आणि प्रीस्टली यांनी प्राणवायू शोधला. शोध खरा, मोठा. पण त्यातून लोकांनी काढलेला निष्कर्ष असा की आपण बाहेर सोडतो ती हवा 'वापरलेली', ती दुसऱ्याला देऊन काय उपयोग? तोंडाने श्वास देणं तसंही सुइणींचं, गावंढळ काम समजलं जात होतं. ते मागे पडलं आणि लोहाराच्या भात्यासारखे भाते आले. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये दाखवलं गेलं की भात्याने जास्त हवा भरली तर प्राण्यांची फुप्फुसं फाटतात. मग भातेही गेले. उरलं काय? हातपाय हलवणं. सिल्व्हेस्टरची पद्धत १८५८ ची, शेफरची १९०३ ची, होल्गर नील्सनची १९३२ ची. नवजात बाळासाठी जर्मनीच्या शुल्त्सेने १८७१ मध्ये वेगळी पद्धत मांडली: बाळाला खांद्यांपाशी धरून वर-खाली झोके द्यायचे. वाचूनच पोटात गोळा येतो, पण ती बराच काळ शिकवली गेली.

या सगळ्यात चूक कुठे झाली? आकडा कुणी मोजला नव्हता. आपण आत घेतो त्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो आणि बाहेर सोडतो तिच्यात साधारण १६ टक्के. सोळा टक्क्यांत माणूस आरामात जगू शकतो. एलमने १९५० च्या दशकात हेच मोजून दाखवलं आणि सुइणी बरोबर ठरल्या.

एक गाडी, एक इंजिनिअर, एक खेळणीवाला

१९५६ च्या ऑक्टोबरात एलम कॅन्सस सिटीला भूलतज्ज्ञांच्या परिषदेला गेला. परतताना त्याच्याबरोबर गाडीत पीटर सफार होता. व्हिएन्नात वाढलेला, बाल्टिमोरला काम करणारा भूलतज्ज्ञ. वाटेत एलमने त्याला सगळं सांगितलं. सफारच्या डोक्यात ते बसलं आणि बाल्टिमोरला पोचल्यावर त्याने प्रयोग सुरू केले. स्वयंसेवकांना गुंगीचं औषध देऊन, स्नायू काही काळ लुळे करून (हो, खरंच! आज कुठली समिती याला परवानगी देणार नाही) डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांकडून त्यांना श्वास देववला. जमलं. मान मागे करून हनुवटी वर उचलली की जिभेने अडलेली वाट मोकळी होते, हेही त्याने पक्कं केलं. १९५८ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

१९६० मध्ये दुसरा अर्धा भाग आला. जॉन्स हॉपकिन्सचे कावेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवलं की छाती न उघडता, वरून दाबूनही रक्त फिरवता येतं. यातले कावेनहोव्हन डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते, आणि तेव्हा सत्तरी ओलांडून निवृत्तही झाले होते. (आपल्या जमातीचं नाव राखलं म्हणायचं.) श्वास आणि छाती दाबणं एकत्र झालं आणि आपण ज्याला सीपीआर म्हणतो ते तयार झालं.

पण शिकवायचं कसं? जिवंत माणसावर सराव करता येत नाही. इथे नॉर्वेच्या स्टाव्हँगर गावातला ओस्मुन लेर्डाल येतो. हा खेळणी बनवणारा. मऊ प्लॅस्टिकच्या गाड्या आणि 'अ‍ॅन' नावाची बाहुली ही त्याची प्रसिद्ध उत्पादनं. १९५० च्या दशकात त्याचा लहानगा मुलगा टोरे पाण्यात बुडाला. बापाने त्याला वेळेत बाहेर काढलं, पाणी बाहेर पडलं आणि पोरगा वाचला. पुढे ब्यॉर्न लिंड या भूलतज्ज्ञाकडून आणि सफारकडून त्याला सरावासाठी बाहुली हवी आहे असं कळलं, तेव्हा त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. १९६० मध्ये 'रेझुसी अ‍ॅन' आली आणि १९६१ पासून नॉर्वेच्या शाळांत मुलं तिच्यावर श्वास द्यायला शिकू लागली. आज जगभर प्रथमोपचाराच्या वर्गात दिसणाऱ्या बाहुल्या, तान्ह्या बाळाच्या मापाच्या सुद्धा, याच वंशातल्या.

सफारच्या आयुष्यात मात्र १९६६ मध्ये त्याची मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्यात गेली. आईवडील तेव्हा परगावी परिषदेला गेले होते. तिचं हृदय पुन्हा सुरू करता आलं, पण मेंदूला प्राणवायू मिळण्यात फार वेळ गेला होता. सफारने उरलेलं आयुष्य याच प्रश्नावर घालवलं: हॉस्पिटल गाठायच्या आधीच्या त्या काही मिनिटांत काय करता येईल, आणि ते कोण करेल?

या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. प्राणवायू न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये चार मिनिटांत दारात काय येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेवढ्या वेळात घरात जे कुणी असेल, तेच डॉक्टर.

घरातली पाच उत्तरं

हे सगळं मी वाचत का बसलो ते आता सांगतो. आमच्याकडे दोन महिन्यांनी बाळ येणार आहे. दुपटी, झबली, टोपडी यांच्या याद्या दोन्ही घरांत केव्हाच वाटून झाल्या. एक दिवस बायकोने जेवताना सगळ्यांना विचारलं, "बाळाच्या घशात काही अडकलं तर तुम्ही काय कराल?"

आई म्हणाली, टाळूवर फुंकर घालायची आणि डोक्यावर थापटायचं. बाबा म्हणाले, पाय धरून उलटं करायचं. सासूबाई फोनवरून म्हणाल्या, "बोट घालून काढायचं, दुसरं काय?" ताई (न्यू जर्सी) म्हणाली, छातीवर दोन बोटांनी दाबायचं, तिने मुलाच्या वेळी क्लास केला होता. आणि माझ्या ऑफिसच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये दाखवलं होतं ते मागून मिठी मारून पोट दाबणं.

पाच माणसं, पाच उत्तरं. आणि गंमत अशी की यातलं बहुतेक प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या वर्षी कुणीतरी जाणत्याने गंभीरपणे शिकवलेलं आहे. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी आवृत्ती, आणि कुणालाच ती कुठल्या सालची ते माहीत नाही.

पोट दाबण्याचंच घ्या. १९७४ मध्ये हेन्री हाइमलिक या अमेरिकन सर्जनने ती पद्धत मांडली. तोपर्यंत पाठीत धपाटे घालायची रीत होती. हाइमलिकचं म्हणणं, धपाट्यांनी अडकलेली वस्तू आणखी खाली जाते. त्याने हा वाद इतका लावून धरला की १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने धपाटे धोक्याचे असल्याचं जाहीर केलं आणि १९८६ च्या अमेरिकन नियमावलीतून ते मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी गेले. वर्षाच्या आतल्या बाळांसाठी मात्र तेव्हाही राहिले, कारण एवढ्याशा बाळाचं पोट दाबलं तर यकृताला इजा होऊ शकते. पुढे पुरावे तपासल्यावर धपाटे परत यायला लागले. अमेरिकन रेड क्रॉसने २००६ मध्ये 'पाच धपाटे, पाच वेळा पोट दाबणं' असं शिकवायला घेतलं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते २०२५ च्या नियमावलीत घेतलं. म्हणजे १९८६ ला काढलेली गोष्ट तिथे परत यायला ३९ वर्षं लागली! तेवढ्यात एक अख्खी पिढी 'धपाटे घालायचे नाहीत' हे शिकून आई-बाप झाली.

ताईची दोन बोटं? तिने शिकली तेव्हा अगदी अधिकृत होती. ती मुख्यतः हृदय थांबलेल्या बाळाची छाती दाबण्यासाठी. पण दोन बोटांनी पुरेसं खोल दाबलं जात नाही असं दिसत गेलं, म्हणून २०२५ च्या त्याच नियमावलीतून ती गेली. आता एका तळहाताच्या टाचेने किंवा दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी दाबायला सांगतात.

बाबांच्या उलटं धरण्यात मूळ कल्पना आहे ती गुरुत्वाकर्षणाची, आणि ती आजही शिल्लक आहे. फक्त पाय धरून लटकवायचं नाही, त्यात बाळ हातातून निसटण्याचा आणि मानेला झटका बसण्याचा धोका. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच धपाटे. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ निपचित पडेपर्यंत हेच आलटून पालटून. निपचित पडलं तर सीपीआर सुरू. बाळ जोरात खोकत किंवा रडत असेल तर यातलं काहीच करायचं नाही, त्याचा खोकलाच सगळ्यात चांगलं औषध. सासूबाईंचं बोट फक्त वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच. आंधळेपणाने घातलेलं बोट ती आणखी आत ढकलतं. आणि टाळूवरची फुंकर? ती निरुपद्रवी आहे, पण तिच्यात वेळ जातो.

आणखी एक आवृत्ती आपल्या पिढीची आहे, ती सगळ्यात घातक वाटते. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओत 'तोंडाने श्वास द्यायची गरज नाही, नुसती छाती दाबा' असं सांगतात. खरं आहे, पण मोठ्यांसाठी. अमेरिकेत २००८ पासून ती मोहीम आहे आणि भारतातही २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी अशीच पद्धत सुचवली गेली, तीही प्रौढांसाठीच. मोठ्या माणसात बहुतेक वेळा आधी हृदय थांबतं आणि रक्तात थोडा प्राणवायू शिल्लक असतो. बाळाचं उलट असतं: आधी श्वास अडतो, मग हृदय थांबतं. म्हणून बाळाला श्वास द्यायचाच. एकटे असाल तर ३० दाब, २ श्वास, तेही त्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेऊन, गालातल्या हवेएवढेच. एलमचं ते कॉरिडॉरमधलं मूल आठवा.

आजी बरोबर होती तेव्हा

इथपर्यंत वाचून 'म्हणजे जुन्या लोकांना काही कळत नाही' असा निष्कर्ष काढलात तर घाई होईल.

डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक १९४६ मध्ये आलं आणि जगात कोट्यवधी घरांत पोचलं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आवृत्त्यांत त्यांनी बाळाला पालथं झोपवावं असा सल्ला दिला. कारण ऐकायला पटण्यासारखं: उताणं झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती घशात जाईल. हाच सल्ला पाश्चात्त्य देशांत डॉक्टर, नर्स, सगळे देऊ लागले. झोपेत बाळं अचानक दगावत होती आणि पालथं झोपणं हा त्यातला मोठा धोका होता. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये आणि अमेरिकेत १९९४ मध्ये 'बाळाला पाठीवर झोपवा' अशी मोहीम निघाली आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २००५ मध्ये जुने सगळे अभ्यास एकत्र करून एक शोधनिबंध आला. त्याचा निष्कर्ष असा की पुरावा १९७० च्या सुमारासच उपलब्ध होता. तो तेव्हाच नीट बघितला असता तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून जास्त आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचली असती.

आमच्याकडे आजी बाळाला दुपट्यात गुंडाळून पाठीवरच झोपवायची. पुस्तक न वाचता तिची आवृत्ती बरोबर होती.

आणि तीच आजी बाळाला मध चाटवायची, हेही खरं. मधात कधीकधी असणाऱ्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळांना एक प्रकारचा लुळेपणा येतो, आणि तो आजारच मुळी १९७६ मध्ये ओळखला गेला. त्यामुळे वर्षाच्या आत मध नाही. १९७६ च्या आधी हे जगातल्या कुठल्याच डॉक्टरला ठाऊक नव्हतं, मग आजीला कुठून असणार?

मला या इतिहासाचा खरा उपयोग झाला तो इथे. क्लास लावायचा विषय काढला तेव्हा आई गप्प झाली होती. नंतर म्हणाली, "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" या वाक्यामागे राग कमी आणि दुखावलेपण जास्त असतं, आणि ज्यांच्या घरी हा प्रसंग आलाय त्यांना ते ठाऊक आहे. 'आता शास्त्र बदललंय' असं म्हटलं की समोरच्याला 'तू चुकलीस' असं ऐकू येतं. मी तिला एलमची, सुइणींची आणि पाठीवर झोपवण्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे डॉक्टरांचंही बदलतंच की." बदलतंच. कुणाची चूक नसते, फक्त प्रत्येकाच्या माहितीवर साल घालायचं राहून गेलेलं असतं.

गडचिरोलीच्या आरोग्यदूत

'हे सगळं शिकलेल्या, शहरी लोकांना ठीक आहे' असं वाटत असेल तर जगाने ज्याच्याकडून धडा घेतला तो प्रयोग आपल्याच राज्यात झालाय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, हे सगळं त्या करत. सुरुवातीला सुइणींना तोंडाने श्वास द्यायला शिकवलं, मग नळी आणि मास्क, पुढे पिशवी आणि मास्क असं साधन सुधारत गेलं. घरातल्या बायकांनाही बाळाची काळजी शिकवली गेली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. श्वास कोंडून होणारे मृत्यूही पुढच्या वर्षांत ६५ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देतात, त्या योजनेचं मूळ इथे आहे.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की त्यांनी सुईणीला हाकललं नाही. तिला नवी आवृत्ती दिली, आणि हाताला सराव दिला.

मग करायचं काय?

तर आम्ही जे केलं आणि तुम्हालाही सुचवतो, ते थोडक्यात:

एक. क्लास फक्त होणाऱ्या आई-बाबांनी करून उपयोग नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पुढे सहा महिन्यांनी आई ऑफिसला जाते आणि बाळ दोन आज्या, आजोबा आणि सांभाळणाऱ्या मावशी यांच्याजवळ असतं. ज्याच्या हातात बाळ असणार, त्याने शिकायचं. आमचे सासू-सासरे त्यासाठी सांगलीहून आले. मावशींच्या त्या दिवसाचा पगार आम्ही दिला, कारण हेही कामच आहे.

दोन. बाहुलीवर करून बघितल्याशिवाय शिकलं असं म्हणायचं नाही. क्लास घेणाऱ्या सिस्टरांनी सगळ्यांना आळीपाळीने दाबायला लावलं. छाती साधारण चार सेंटिमीटर खाली गेली की बाहुलीत 'टक्' असा आवाज येतो. मिनिटाला १०० ते १२० हा वेग. बाबांचे पहिले दहा दाब इतके हळुवार होते की एकदाही टक् झालं नाही. "बाळ आहे हो, दुखेल त्याला," म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, जे बाळ श्वास घेत नाहीये त्याला दुखत नाही." त्यानंतर टक् टक् व्यवस्थित ऐकू आलं. हे वाचून किंवा व्हिडिओ बघून कळत नाही, म्हणून हा लेखही त्या क्लासच्या जागी धरू नका.

तीन. कोण काय करणार ते आधी ठरवा. एकाने बाळाकडे बघायचं, दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा, तिसऱ्याने खाली जाऊन गेट उघडायचं आणि लिफ्ट थांबवून ठेवायची. घरचा पूर्ण पत्ता, खुणेसकट, फोनजवळ लिहून लावा. घाबरल्यावर स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

चार. फ्रिजवर जो कागद लावाल त्यावर साल घाला. हातातलं कौशल्य काही महिन्यांतच ढिलं पडतं आणि नियमही बदलतात, म्हणून दोन वर्षांनी परत क्लास. दुसऱ्या बाळाच्या वेळी 'आम्हाला येतं सगळं' असं म्हणणारे आपणच असणार, आणि तेव्हा आपणच जुनी आवृत्ती झालेलो असू.

सिस्टर निघताना म्हणाल्या की बहुतेक घरांत याची वेळच येत नाही. न येवो. पण सफारने विचारलेल्या प्रश्नाला, 'हॉस्पिटल गाठायच्या आधी कोण करेल', आमच्या घरात आता सात नावं आहेत आणि सातही जणांचं उत्तर एकच आहे.

असो. पुढच्या शनिवारी परत संगणकाबद्दल लिहीनच. त्यापुढच्या शनिवारांचं मात्र काही सांगता येत नाही, तेव्हा झोप मिळाली तर भेटू!